नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी: वर्षभरातील उत्सव आणि मिरवणुका कशा पाहाव्यात

नोकरीनिमित्त सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन नाशिकमध्ये आलेल्या माणसाला इथल्या उत्सवांची ओळख बहुतेक वेळा वाहतूक कोंडीतून होते. रविवार कारंजावरून रोज जाणारी बस एके दिवशी भलत्याच रस्त्याने वळते आणि चौकशी केल्यावर कळते की आज रथ आहे, किंवा आज मिरवणूक आहे. असा योगायोगाने सापडलेला उत्सव धड पाहताही येत नाही आणि धड टाळताही येत नाही. तिथी, नदी आणि मार्ग या तीन गोष्टी आधी समजून घेतल्या, तर पहिल्याच वर्षी बरेच काही नीट पाहता येते.

प्रथम पंचांग असलेली दिनदर्शिका भिंतीवर लावावी

प्रजासत्ताक दिन, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि नाताळ असे मोजके दिवस सोडले, तर नाशिकचे मोठे उत्सव तिथीवर चालतात आणि इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. त्यामुळे मोबाइलमध्ये मागच्या वर्षीची तारीख जपून ठेवण्याचा उपयोग नाही. जानेवारीतच दिनदर्शिका घेऊन बसावे आणि फाल्गुन वद्य पंचमी, चैत्र शुद्ध एकादशी, श्रावणातील तिसरा सोमवार, अनंत चतुर्दशी, आश्विनातील नवरात्र आणि पौष वद्य एकादशी या तिथींना खूण करावी.

उत्तर भारतातून आलेल्यांनी येथे एक विशेष काळजी घ्यावी. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि ‘तिसरा श्रावणी सोमवार’ म्हणून ज्या दिवशी सुट्टी टाकून त्र्यंबकेश्वरला जावे, त्या दिवशी ब्रह्मगिरी डोंगराची गर्दीची फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, नसतेच. फेरी मराठी पंचांगाप्रमाणे असते. दुसरा घोळ रंगांचा. होळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे धुळवडीला, नव्या वसाहतींमध्ये आणि सोसायट्यांमध्ये हल्ली रंग खेळला जातो खरा, पण जुन्या नाशिकचा रंगाचा दिवस त्यानंतर चार दिवसांनी येणारी रंगपंचमी हाच आहे. धुळवडीला गावात जे घडते ते निराळेच असते आणि त्याविषयी पुढे सांगितले आहे.

मग नदीचे दोन काठ ओळखावेत

नकाशात नाशिक कितीही पसरलेले दिसले, तरी उत्सवांचे नाशिक फार लहान आहे. गोदावरीच्या एका काठाला पंचवटी आहे, जिथे काळाराम मंदिर, कपालेश्वर, सीतागुंफा आणि रामकुंड येते. दुसऱ्या काठाला गावठाण, म्हणजे जुने नाशिक आहे, जिथे रविवार कारंजा, मेनरोड, सराफ बाजार, भद्रकाली आणि चौक मंडई येते. या दोन काठांमधील मैल-दीड मैलाच्या पट्ट्यात वर्षातील बहुतेक मिरवणुका निघतात आणि संपतात. होळकर पूल हा या दोहोंमधला मुख्य दुवा असल्याने मोठ्या मिरवणुकीच्या दिवशी तो वाहनांसाठी बंद होईल असे गृहीत धरूनच निघावे.

म्हणून कोणत्याही उत्सवाची चौकशी करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की आपल्याला हवे ते ठिकाण कोणत्या काठावर आहे. इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड किंवा गंगापूर रोडकडून येणाऱ्याला गावठाणाची बाजू सोयीची. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबादकडून येणाऱ्याला पंचवटीची. चुकीच्या काठावर अडकलेल्या माणसाला पुलावरच्या गर्दीतून पायी पलीकडे जाण्यात तास-दीड तास सहज मोडतो. दुचाकी गावठाणाच्या आत नेऊ नये. तेथील गल्ल्या दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तरी थांबतात. महापालिकेच्या सिटीलिंक बसने शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा निमाणीपर्यंत यावे आणि पुढे चालावे. बंदोबस्ताच्या दिवशी बसमार्गही वळवले जातात, म्हणून वाहतूक पोलिसांची अधिसूचना आदल्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात अवश्य वाचावी. बंद रस्ते आणि पर्यायी रस्ते त्यात नावानिशी दिलेले असतात.

वीर आणि रहाड: फाल्गुनातील आठवडा

नाशिकमध्ये आहे आणि इतरत्र सहसा नाही असे पाहायचे असेल, तर सुरुवात फाल्गुनापासून करावी. धुळवडीच्या संध्याकाळी जुन्या नाशिकमधील घराघरांतून वीर निघतात. घरातील देव्हाऱ्यातला वीराचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची प्रतिमा, घेऊन मंडळी वाजतगाजत गोदाघाटावर येतात, देवाला स्नान घालतात आणि परत जातात. लहान मुलांना शंकर, कृष्ण, मारुती अशा वेशात सजवलेले असते, त्यामुळे रामकुंडाच्या परिसरात तासन्‌तास एक छोटी देवसभाच वावरत असते. त्यातला मानाचा वीर म्हणजे दाजीबा, ज्याला बाशिंगे वीर असेही म्हणतात. नवरदेवासारखे बाशिंग बांधलेला हा वीर जुन्या नाशिकच्या गल्ल्यांतून जातो, दारोदारी सुवासिनी त्याला ओवाळतात आणि त्याच्या दर्शनाने अडलेली लग्ने जुळतात अशी श्रद्धा आहे. अंगाला हळद लागलेली असतानाच मारल्या गेलेल्या एका खंडोबाभक्ताची आख्यायिका या प्रथेमागे सांगितली जाते. नवख्याने गल्लीत वाट अडवून उभे न राहता एखाद्या ओट्याच्या कडेला उभे राहावे आणि छायाचित्र घेण्याआधी घरच्या माणसांना विचारावे, कारण ही शोभायात्रा नसून त्यांच्या घरचे देवकार्य आहे.

चार दिवसांनी रंगपंचमी येते आणि तिच्याबरोबर रहाडी उघडतात. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके व फळ्या टाकून वर माती पसरलेली असते आणि माणसे, रिक्षा, भाजीच्या गाड्या त्यावरून बिनदिक्कत जातात. खाली काही आहे याची शंकाही नवीन माणसाला येत नाही. रंगपंचमीच्या आधी माती उकरतात, ओंडके काढतात, हौद धुऊन स्वच्छ करतात, पाणी भरतात आणि फुलांपासून तयार केलेला रंग त्यात ओततात. ज्या घराण्याकडे किंवा तालमीकडे मान असेल, त्यांच्या हस्ते पूजा झाल्यावरच रहाड खुली होते. पंचवटीत शनी चौकाची, तर जुन्या नाशिकमध्ये दिल्ली दरवाजा, तिवंधा चौक आणि जुनी तांबट गल्ली येथील रहाडी प्रसिद्ध आहेत. पूर्वी याहून पुष्कळ अधिक रहाडी होत्या. त्यांपैकी काही काळाच्या ओघात बुजल्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. शनी चौकाचा गुलाबी, तिवंध्याचा पिवळा आणि दिल्ली दरवाजाचा केशरी, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यात भेटलेला माणूस कोणत्या चौकातून आला हे त्याच्या सदऱ्यावरूनच कळते.

रहाडीत उडी मारण्याला ‘धप्पा’ म्हणतात. जितका मोठा धप्पा, तितके पाणी काठावरच्या लोकांच्या अंगावर. यात उतरायचे की काठावरूनच भिजायचे हा निर्णय घरून निघतानाच करावा. पाणी डोक्याइतके किंवा त्याहूनही खोल असते, तळ दिसत नाही आणि वरून एकामागून एक उड्या पडत असतात. पोहता येत नसेल तर उतरू नये, दारू पिऊन तर काठावरही जाऊ नये. उतरायचे असल्यास आधी दहा मिनिटे थांबून तेथील मुले कोणत्या बाजूने उडी मारतात आणि कोणत्या बाजूने वर येतात हे नीट पाहावे, कारण प्रत्येक ठिकाणची रीत थोडी वेगळी असते. अंगाला व केसांना खोबरेल तेल लावावे, चपला घरी ठेवाव्यात, मोबाइल सोबत न आणलेलाच बरा. रंग चढला की दोन-चार दिवस उतरत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलाखत किंवा कार्यालयातील महत्त्वाची बैठक असेल तर काठावरूनच पाहावे. स्त्रियांसाठी काही रहाडींवर स्वतंत्र वेळ ठेवतात. ती त्या चौकातील मंडळाकडे एक-दोन दिवस आधी विचारून घ्यावी. दुपारनंतर गर्दी अतोनात वाढते, म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी पूजेच्या वेळेसच पोहोचून लवकर परतावे. हॉटेलांच्या हिरवळीवर तिकीट लावून होणाऱ्या पावसाच्या नाचापेक्षा हा अनुभव शतपटीने मोलाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण तो जपून घ्यायचा आहे.

चैत्र: स्वागतयात्रा आणि रामाचा रथ

गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर ढोलवादन, सामूहिक नृत्य आणि महारांगोळीचे कार्यक्रम होतात व पाडव्याच्या सकाळी शहराच्या निरनिराळ्या भागांतून स्वागतयात्रा निघतात. त्या पाहण्यास सोप्या, सुटसुटीत आणि मुलांना नेण्याजोग्या असतात. याच दिवसापासून काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्र सुरू होते. रामनवमीला दुपारी बाराच्या जन्मोत्सवासाठी मंदिरात जाण्याचा मोह होतो. परंतु वृद्धांना किंवा लहान मुलांना त्या रांगेत उभे करू नये. त्याच आठवड्यात एखाद्या सकाळी गेल्यास काळ्या पाषाणातील तेच मंदिर निवांत पाहता येते.

खरा सोहळा त्यानंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला असतो. त्या दिवशी सायंकाळी मंदिरापासून दोन रथ निघतात: पुढे गरुडरथ आणि मागे श्रीरामरथ. दोन्ही रथ माणसे दोरांनी ओढतात आणि तो मान परंपरेने ठरलेल्या मंडळींकडे आहे. नवख्याच्या नजरेतून हमखास निसटते ती गोष्ट रामरथाच्या अगदी पुढे घडत असते. पूजाधिकारी घराण्यातील त्या वर्षीचा मानकरी रथाकडे तोंड करून, हात जोडून, संपूर्ण मार्गभर उलट पावलांनी चालतो. देवाकडे पाठ करायची नाही, म्हणून ही रीत. गर्दीत नुसता रथाचा कळस पाहून समाधान मानू नये. मार्गावरील एखाद्या उंच ओट्यावर आधीच जागा धरून मानकऱ्याची पावले पाहावीत.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट पुन्हा नदीची आहे. रामरथ गोदावरी ओलांडत नाही. तो नागचौक, गणेशवाडी असा पंचवटीतच फिरून घाटाकडे येतो, तर गरुडरथ पलीकडे जाऊन दिल्ली दरवाजा, मेनरोड, सराफ बाजार या गावठाणातील मार्गाने फिरून परततो. म्हणजे सराफ बाजारात उभे राहून रामरथाची वाट पाहणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. दोन्ही रथ एकत्र पाहायचे असतील तर सुरुवातीला मंदिराजवळ किंवा रात्री रामकुंडावर देवाच्या अवभृथ, म्हणजे उत्सवसमाप्तीच्या, स्नानाच्या वेळी जावे. स्नान होऊन रथ परतेपर्यंत मध्यरात्र होऊ शकते. एप्रिलच्या उन्हात दुपारपासून उभे राहण्यापेक्षा रात्रीची वेळ मला अधिक योग्य वाटते.

या रथाशी जोडलेला एक इतिहासही नव्या नाशिककराला ठाऊक असावा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे स्थानिक पातळीवरील प्रमुख नेते होते. त्याच वर्षी एप्रिलमधील रथाच्या दिवशी, रथ ओढण्यात अस्पृश्यांचाही सहभाग असेल ही ठरलेली तडजोड पाळली गेली नाही आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला. मंदिराच्या दारात उभे राहताना हे आठवावे, आणि १४ एप्रिलला शहरातून निघणारी जयंतीची मिरवणूकही याच शहरातील उत्सव म्हणून पाहावी. शालिमार परिसरात त्या रात्री उशिरापर्यंत गर्दी असते.

गणेश विसर्जन: कुठे उभे राहावे

अनंत चतुर्दशीच्या मुख्य मिरवणुकीचा मार्ग वर्षानुवर्षे ठरलेला आहे. ती वाकडी बारव येथून निघते आणि दादासाहेब फाळके रोड, महात्मा फुले मार्केट, भद्रकाली, गाडगे महाराज पुतळा, मेनरोड, धुमाळ पॉइंट, महात्मा गांधी रोड, मेहेर सिग्नल, अशोकस्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल, मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा असा लांबलचक वळसा घेऊन गोदाघाटावर पोहोचते. शिवजयंतीसारख्या इतर मोठ्या मिरवणुकांनाही यातील बराचसा मार्ग लागू पडतो, म्हणून एका रविवारी सकाळी तो स्वतः चालून पाहणे ही उत्तम गुंतवणूक आहे.

सुरुवातीलाच वाकडी बारवेजवळ उभे राहिल्यास मंडळे ताजीतवानी दिसतात, पण रस्ता अरुंद आहे. मेनरोडवर वाद्यांचा आवाज दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आदळून असह्य होतो. महात्मा गांधी रोड आणि अशोकस्तंभ येथे रस्ता रुंद असल्याने ढोलपथके मनसोक्त वाजवतात आणि बाजूला सरकायला जागाही मिळते. प्रथमच येणाऱ्याने तेथेच उभे राहावे. नाशिक ढोल देशभर लग्नाच्या वरातींत पोहोचला असला, तरी तो ऐकावा येथेच, शंभर ढोल एका ठेक्यात पडतात तेव्हा. गुलालवाडी व्यायामशाळेच्या लेझीम पथकाची चौकशी करून ते कोणत्या क्रमांकावर आहे हे आधी कळले तर थांबणे सार्थकी लागते. डीजेच्या भिंती लावणाऱ्या मंडळांविषयी येथे लिहिण्यासारखे काही नाही. ती आली की कानात कापूस घालून आतल्या गल्लीत शिरावे.

पथकात वाजवण्याची इच्छा असलेल्यांनी जून-जुलैतच नाव नोंदवावे. सराव पावसाळ्यातच सुरू होतो, ढोल कमरेला बांधून दोन-तीन तास उभे राहण्याची सवय लागायला वेळ लागतो, आणि नव्या गावात ओळखी होण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. घरच्या गणपतीसाठी मात्र गोदाघाटाची वाट धरू नये. महापालिका विभागवार कृत्रिम तलाव आणि मूर्तिदानाची केंद्रे उभारते, तेथे शांतपणे निरोप देता येतो. शिवाय भाद्रपदात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटावर जाणे धोक्याचे असते. पाणी किती आहे हे गावकरी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या कमरेला लागले असे कानावर आले, की त्या दिवशी नदीकडे फिरकू नये.

नवरात्र, दसरा आणि इतर समाजांचे उत्सव

नवरात्रात मुंबई नाक्याजवळ ग्रामदैवत कालिका देवीची यात्रा भरते आणि जुन्या आग्रा रोडवरील गडकरी चौकापासूनचा रस्ता वाहनांसाठी बंद होतो. दर्शन हवे असेल तर पहाटे जावे, पाळणे आणि खेळण्यांची जत्रा हवी असेल तर रात्री. दोन्ही एकाच खेपेत साधण्याचा हट्ट धरू नये. गांधीनगरला दुर्गापूजा आणि रामलीला असते. दसऱ्याला रामकुंडावर रावणदहन होते.

मोहरममध्ये सारडा सर्कलजवळच्या इमामशाही परिसरातील ताबूत पाहण्यासारखा असतो. त्यावर आळीव पेरून उगवलेले असतात, त्यामुळे तो हिरव्यागार अंकुरांनी मढलेला दिसतो. ईद-ए-मिलादचा जुलूस चौक मंडईतून निघून पिंजारघाटावरील बडी दर्ग्याकडे जातो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते आणि मुंबई, वसई, गोव्याहून भाविक येतात. त्या दोन दिवशी नाशिकरोड स्थानकावरून परगावी जायचे असल्यास घरून तासभर आधी निघावे. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेणी (पांडवलेणी) आणि पायथ्याच्या बुद्धस्मारकाकडे सकाळी लवकर गेल्यास पायऱ्यांवर ऊन लागत नाही.

शहराबाहेरची वाट

त्र्यंबकेश्वर शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या फेरीला लोक रविवारी रात्रीच निघतात. ब्रह्मगिरीची लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची आहे आणि हरिहरगिरीची मोठी जवळजवळ दुप्पट. पाऊस, चिखल आणि अंधार या तिन्हींची तयारी हवी: पकड असलेले बूट, विजेरी, शेंगदाण्याचा लाडू किंवा राजगिऱ्याची चिक्की, आणि सोबत किमान एक जाणकार. खासगी वाहने गावाच्या बरीच अलीकडे थांबवतात, म्हणून नाशिकहून सुटणाऱ्या एसटीच्या जादा गाड्यांनीच जावे. पौष वद्य एकादशीची संत निवृत्तिनाथांची यात्रा थंडीतली असते; दिंड्या नाशिकमार्गे जात असल्याने त्र्यंबक रोडवर उभे राहूनही टाळ-मृदंगाचा तो सोहळा पाहता येतो.

सप्तशृंगगडावर चैत्रात आणि नवरात्रात जायचे तर नांदुरीला वाहन ठेवून एसटीने वर जावे लागते. चैत्र यात्रेला खानदेशातून पायी येणारे भाविक रस्त्याच्या कडेने रात्रंदिवस चालत असतात, तेव्हा त्या दिवसांत स्वतः गाडी चालवणाऱ्याने वेग आवरावा. पतंगांचा शौक असेल तर संक्रांतीला येवल्यालाच जावे. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव गच्च्यांवर असते आणि मांजा गुंडाळायला तेथे आसारी वापरतात. दुचाकीवर जाणाऱ्याने गळ्याला जाड रुमाल गुंडाळून घ्यावा, ही सूचना कोणीही हसण्यावारी नेऊ नये.

सिंहस्थाच्या वर्षांत काय बदलते

बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ कुंभमेळा वार्षिक उत्सवांत मोडत नाही, पण तो आला की बाकीच्या सर्व उत्सवांचे गणित बदलते. मागील सिंहस्थ २०१५ मध्ये झाला. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि नाशिकमधील अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या दिवशी आहेत. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी, एवढे ठाऊक असले तरी अर्धा गोंधळ टळतो. २००३ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला, आणि तेव्हापासून स्नानाच्या दिवशी घाटाकडे जाण्याचे व घाटावरून परतण्याचे मार्ग वेगळे ठेवण्यावर भर असतो. पोलिसांनी एका दिशेने चालायला सांगितले की उलट फिरू नये, हातातील वस्तू खाली पडली तरी वाकू नये. शहरातच राहणाऱ्याला मुख्य स्नानाच्या दिवशीच जाण्याची गरज नाही; साधूंच्या मिरवणुका आणि तपोवनातील साधुग्राम पाहायचे असेल तर दोन स्नानांच्या मधला एखादा कामाचा दिवस निवडावा. गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांनाही तसेच कळवावे, आणि त्यांची परतीची रेल्वे तिकिटे स्नानाच्या तारखा पाहून काही महिने आधीच काढून ठेवावीत.